माणूस आढळला नाही

४ मार्च

आईचा उजवा अंगठा हलला. फिजिओने दुजोरा दिला आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे तो परवाच हलला होता, पण तेव्हा बघायला कोणी जागेवर नव्हतं.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्याला आता तीन महिने होतील. बोलणं पहिल्या आठवड्यातच परत आलं, आणि पूर्ण परत आलं, टोमण्यांसकट. पाय हळूहळू चालतो. हात मात्र मांडीवर ठेवला की दुसऱ्याच कोणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा पडून असतो. हयातभर टायपिंगचे क्लास घेतलेल्या बाईचा हात. बायको रोज सकाळी तिला व्यायामकेंद्रात घेऊन जाते, रविवार सोडून. तिची औषधाच्या दुकानातली पाळी दुपारी असते म्हणून जमतं. मला सकाळी ऑफिस.

ऑफिसात काय करतो, हे मला अजून एका वाक्यात सांगता येत नाही. पेपर बंद पडेपर्यंत मी बातम्या कापत होतो, मथळे देत होतो. आता लोक व्हिडिओ गेमबद्दल सोशल मीडियावर जे लिहितात ते वाचतो आणि ठरवतो, की हे मनापासून लिहिलंय की कोणीतरी लिहवून घेतलंय. एखाद्या खेळाचं भाडोत्री कौतुक होतं, एखाद्याची ठरवून बदनामी होते. शंभर खाती दिसतात, मागे बसलेला असतो एकच माणूस, किंवा तोही नाही, नुसता प्रोग्रॅम. आम्ही शिक्का मारतो आणि साइट खाती बंद करते.

शेजारच्या टेबलावरची मुलगी यात मुरलेली आहे. सगळे तिला चाळणी म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने मला धडा दिला.

"काका, लिहिलंय काय ते बघू नका. वागलंय कसं ते बघा. कधी लिहिलं, कुठून लिहिलं, कोणाच्या पाठोपाठ लिहिलं."

"काका म्हणू नकोस."

"बरं, दादा. पण वाचत बसू नका, काका."

खेळ स्वतः खेळून बघायचा नाही, असा इथे नियम आहे. खेळून बघितला की मत तयार होतं म्हणे. मला हे पटलेलं नाही. पण प्रोबेशनवरच्या माणसाने पटवून घ्यायचं असतं.

७ मार्च

मॅडमनी आज माझ्याकडून माझ्या जुन्या धंद्यातलं काम करून घेतलं. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला 'सर' म्हणतात आणि मग हुकूम सोडतात. खातं बंद करताना माणसाला जी नोटीस दिसते तिची भाषा सुधारायची होती. जुना मजकूर असा: "आमच्या प्रणालींनी केलेल्या वर्तनविषयक मूल्यमापनाच्या अनुषंगाने आपल्या खात्याचे परिचालन मानवी वापरकर्त्याकडून होत असल्याची खातरजमा होऊ शकलेली नाही..." आणि पुढे अजून तेवढंच.

मी लिहिलं: "या खात्यामागे माणूस आढळला नाही. खाते बंद केले आहे."

मॅडम म्हणाल्या, "सर, हे भारी आहे." आजपासूनच लागू झालं. संध्याकाळी घरी येताना मला उगाच हलकं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी माझं लिहिलेलं काहीतरी छापून आल्यासारखं.

१२ मार्च

नवी फाइल. खेळाचं नाव आम्हाला देत नाहीत, फक्त नंबर. एवढं कळतं की लहान खेळ आहे, दोघं बहीणभाऊ मिळून बनवतात, आणि त्यात नावेतून सामान इकडून तिकडे न्यायचं असतं. कोणाला माहीत नसलेला हा खेळ अचानक शिफारशीच्या यादीत वर चढायला लागला, म्हणून संशय.

पोस्ट दोन ढिगांत पडतात. कौतुकाच्या आणि तक्रारींच्या.

कौतुकाचा ढीग म्हणजे हसावं की रडावं. चौदा खाती, सगळी एकाच इंटरनेट जोडणीवरून, सगळी सकाळी दहा ते अकराच्या मध्ये, आणि सगळ्यांचं वाक्य एकच: "हा खेळ छान आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रविवारी एकही पोस्ट नाही. म्हणजे पगारी माणसं आहेत, साप्ताहिक सुट्टीसकट! निदान सुट्टीच्या दिवशी तरी दोनचार टाकून ठेवायच्या होत्या.

तक्रारींचा ढीग मात्र वाचण्यासारखा आहे. एक निवृत्त खलाशी लिहितो: "तीस वर्षं समुद्राने मला सांभाळलं. या खेळातली वल्ही पाहिली आणि डोळ्यांत पाणी आलं. ते आठवणीचं नव्हतं, फसवणुकीचं होतं." एक बाप लिहितो: "लेकीला खेळ नको होता, तिला शांतता हवी होती. आम्हाला दोन्ही मिळालं नाही." काय वाक्य आहे! प्रत्येकाची वेगळी कथा, वेगळा सूर, एक चूक नाही. पेपरात असतो तर वाचकांच्या पत्रव्यवहारात सगळ्यात वर लावलं असतं.

चाळणीला म्हटलं, "इथे माणूस बोलतोय."

"वाचताय तुम्ही, काका," ती म्हणाली, मान वर न करता.

१५ मार्च

आज आई केंद्रातून आली ती जिंकूनच. चहाचा कप डाव्या हाताने आपटला आणि म्हणाली, "पोचले एकदाची पलीकडे."

"अरे वा," मी म्हटलं. तिथे दोन समांतर दांड्यांच्या मधून चालवत असतील, त्याबद्दल असावं.

"मधे दोनदा धडकले. पण पोचले. आणि तिने लगेच शाब्बास म्हटलं."

"कोणी, फिजिओने?"

"ती कशाला म्हणेल? तिला रोजचंच आहे. दुसरी आहे एक."

बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई तिथे क्लास चालवतात, माहितीये का? सगळे त्यांना घाबरून असतात. फिजिओसुद्धा."

"घाबरायला काय झालंय," आई म्हणाली. "एक सुतार आहे, एक शाळेतल्या बाई आहेत, एक तो बसचा कंडक्टर. सगळ्यांचे हात गेलेले आणि बसायचे छताकडे बघत. म्हटलं, मी सांगते तसं करा. रोज थोडं. सगळ्यांनी एकदम. एकाला जमलं की दुसऱ्याला लाज वाटते, आणि लाज वाटली की बोट उचलतं."

तिचा क्लास आठवला. मागच्या खोलीत ओळीने टेबलं, आणि सगळ्यांचं मशिन एकदम वाजायचं. मी तेव्हा तिथे अभ्यासाला बसायचो. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण माझ्या डोक्यात फाइल होती. जेवलो आणि पुन्हा लॅपटॉप उघडला. मॅडमना महिनाअखेरीस निकाल हवाय, आणि माझ्या प्रोबेशनचा निर्णयही त्याच आठवड्यात आहे.

१९ मार्च

कौतुकवाल्या टोळीने वाक्य वाढवलं. चौदाही खात्यांनी, एकाच दिवशी. आता आहे: "हा खेळ छान आहे आणि मी तो रोज थोडा वेळ खेळणार आहे." मधले काही दिवस "हा खेळ छान आहे आणि सोपा आहे" होतं. म्हणजे आधी लहान वाक्य, ते बसलं की पुढचं. कोणीतरी पायरीपायरीने चढवतंय. मागे जो कोणी बसलाय तो शिस्तीचा आहे हे मान्य करायला हवं. अशा माणसाने काहीतरी बरं काम करायला हवं होतं, असं मनात आलं.

एक गोष्ट खटकते. खेळ बनवणारी बहीण प्रत्येक पोस्टला स्वतः उत्तर देते. एकाच वाक्याला चौदा वेगळी उत्तरं. "आज तुमची नाव काठाला अलगद लागली, मी पाहिलं." "काल दिसला नाहीत, बरं आहे ना?" अशी. एकतर ही बाई भोळी आहे, किंवा सामील आहे. मी 'सामील असण्याची शक्यता' असं नोंदवलं.

रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की तीच वाक्यं एकाखाली एक सरकत राहतात. बायको म्हणाली, "संपादक, झोपेत मथळे देताय का? कुशीवर वळा."

२४ मार्च

निकाल लावून टाकला. पण त्याआधी चाळणीशी वाजलं, ते लिहून ठेवतो.

तिने स्वतःहून माझी फाइल उघडली होती. म्हणाली, "काका, या चौदा जणांच्या चुका बघितल्या का? पहिल्या आठवड्यात भरपूर आहेत. मग कमी होत गेल्यात. आणि प्रत्येकाची चूक आपापली आहे. हा बघा, याचं एकच अक्षर सारखं सुटतंय. हिच्या ओळीची डावी बाजूच गायब असते."

"मुद्दाम पेरलेल्या असणार. खरं वाटावं म्हणून."

"मग वाक्यंही वेगळी पेरली असती ना! इतका खटाटोप करणारा माणूस वाक्य एकच ठेवेल?"

"तूच म्हणालीस, काय लिहिलंय ते बघू नका, वागणं बघा. एक जोडणी, एक वेळ, एक वाक्य. आणखी काय वागायला हवंय त्यांनी?"

तिने फाइल मिटली. मग म्हणाली, "वागतायत बॉटसारखे, हे खरंय. पण सुधारतायत माणसांसारखे."

वाक्य चांगलं होतं, म्हणूनच मला राग आला. मॅडम दोनदा येऊन "सर, आज ना?" विचारून गेल्या होत्या. मी कौतुकाच्या ढिगावर शिक्का मारला: संघटित, बनावट. तक्रारींवर: खऱ्या. चारच्या सुमाराला साइटने चौदा खाती बंद केली. खेळात शिरायलाही तीच खाती लागतात, त्यामुळे तेही बंद. खेळ शिफारशीच्या यादीतून खाली गेला.

खेळ बनवणाऱ्या बहिणीचा अर्ज तासाभरात आला. ही खरी माणसं आहेत, मी त्यांना ओळखते, असं काहीबाही. हे तर सगळेच म्हणतात.

२६ मार्च

नोकरी पक्की झाली. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यामुळे दुजोऱ्याची गरज नाही. नावेच्या फाइलचा निकाल 'स्वच्छ' होता असं म्हणाल्या.

घरी आल्यावर बायकोने मिठी मारली. आईने "बरं झालं" म्हटलं आणि कूस बदलली. सकाळी केंद्रात गेलीच नाही म्हणे, डोकं दुखत होतं. काल गेली होती, ती अर्ध्यातूनच परत आली.

३० मार्च

आई अजून घरीच. आता डोकं दुखत नाही, पाय दुखतो. काल पोट होतं.

फिजिओचा फोन मी घेतला. म्हणाली, "त्यांचं पहिलं बोट उचलायला लागलं होतं. आत्ता खंड पडला तर हात जिथे आहे तिथेच राहतो हो. नंतर कितीही करा. हे महिने पुन्हा मिळत नाहीत."

मी आईपाशी जाऊन बसलो. उजवा हात तिने उशीखाली सरकवून ठेवलाय. मी म्हटलं, "आई, हात दाखव बघू."

"काय बघायचंय त्यात?"

"बोट उचलतं म्हणे."

"उचलत होतं."

"मग जात का नाहीस गं?"

"तिथे जाऊन त्या सुताराला तोंड काय दाखवू? मी सांगितलं म्हणून केलं सगळ्यांनी. मीच केलं काहीतरी चुकीचं."

"काय चुकीचं केलंस?"

"ते कळलं असतं तर दुरुस्त नसतं केलं?" ती म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून, "जा, तुझं काम असेल."

काम होतंच. पण बसून सुचेना. खिडकी उघडली, बंद केली. बायको म्हणते, आपल्या तिघांत मलाच व्यायामाची गरज नाही, नुसती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरतेय.

२ एप्रिल

हे नीट, क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिलंच जाणार नाही.

बायको केंद्रातून एक टॅब घेऊन आली. "आईंचा आहे, तिथला. चालत नाहीये. सगळ्यांचेच बंद पडलेत. फिजिओ म्हणाली, तुमच्या मिस्टरांना दाखवा, ते कॉम्प्युटरवाले आहेत."

टॅबला एक जुना कीबोर्ड जोडलेला. मी चालू केला. पडद्यावर संथ पाणी होतं, लाकडी धक्का होता, धक्क्याला बांधलेली नाव होती. दोन वल्ही, एक डाव्या हाताला, एक उजव्या. त्या सगळ्यावर एक पांढरी चौकट.

या खात्यामागे माणूस आढळला नाही. खाते बंद केले आहे.

मी ते वाचलं आणि पहिला विचार काय आला ते लिहून ठेवायला हवं: की 'बंद केले आहे' ऐवजी 'बंद' एवढंच चाललं असतं. दुसरा विचार यायला वेळ लागला. मग मात्र सगळं एकदम आलं. दहा ते अकरा. रविवार सुट्टी. रोज थोडं, सगळ्यांनी एकदम. पोचले एकदाची पलीकडे.

बायकोला विचारलं, "तिथे ते काय काय करतात?"

"आधी नाव चालवतात. उजवं वल्हं ओढलं नाही की नाव गोल फिरते, म्हणून हात हलवावाच लागतो. मग खाली टाइप करतात. आई फळ्यावर वाक्य लिहून देतात, डाव्या हाताने. म्हणाल्या, हवेत टाइप करून कोणाला उत्साह येणार? जिथे कोणीतरी वाचतं तिथे लिहा. ती खेळवाली मुलगी उत्तर देते ना सगळ्यांना. त्यासाठी जीव टाकतात सगळे." मग माझ्याकडे बघून, "तुला बरं नाहीये का?"

मी म्हटलं, "ती टोळी म्हणजे आई आहे."

"कुठली टोळी?"

३ एप्रिल

सकाळी पहिल्यांदा मॅडमकडे गेलो. निकाल चुकलाय, खाती उघडा, असं म्हटलं. कारण सांगितलं. खोटं सांगता आलं असतं का, हा विचार लिफ्टमध्ये केला होता. जमलं नसतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, मला वाईट वाटतंय. खरंच. पण तुमचा पहिला निकाल निःपक्षपाती होता. हा नाही."

"पण पहिला चुकीचा होता."

"असेल. निःपक्षपाती तर होता. आता तुम्ही आईसाठी बोलताय. हे मी वर कसं पाठवू?"

"मग काय करू?"

"तुम्ही काहीच करायचं नाही. फाइलला हात लावायचा नाही. दुसरा तपासनीस देते. आणि सर, घरचा संबंध आहे हे उशिरा कळलं, असं लिहून द्या. तुमच्या पक्क्या कागदांचं काय होईल ते आत्ता सांगता येत नाही."

दुसरा तपासनीस म्हणजे चाळणी. तिने फाइल उघडली आणि पहिलं वाक्य हे: "मी बोलले होते की नाही?" दुसरं: "चहा घ्या, काका, तोंड बघा तुमचं."

तिचं म्हणणं, आता तक्रारींचा ढीगही पुन्हा चाळायला हवा. त्या सगळ्या अर्ध्या तासाच्या अंतराने आल्या आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी कोणीतरी रडतंय. मी म्हटलं, चाळ बाई. बाकीच्यांचं सांगता येत नाही, पण तो खलाशी मात्र खरा आहे. त्याच्या लिखाणात जीव आहे. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

४ एप्रिल

आईला सांगितलं.

ती खिडकीपाशी खुर्चीत होती, उजवा हात शेजारच्या उशीखाली. मी समोर स्टुलावर बसलो. म्हटलं, "आई, ती नोटीस मी लिहिली."

"कुठली?"

"माणूस आढळला नाही, ती."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "चांगली लिहिलीयस. अर्थ कळायला वेळ लागला नाही."

"आणि खातीही मीच बंद केली. मला वाटलं कोणीतरी पैसे देऊन करवून घेतंय."

मग म्हणाली, "म्हणजे आमचं लिहिलेलं तू वाचत होतास?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आणि घरी येऊन एक अक्षर बोलला नाहीस."

"मला कुठे माहीत होतं तुमचं आहे!"

"मी सांगत होते. तू ऐकत नव्हतास." हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मग तिचा आवाज बदलला. क्लासमधला झाला. "एकसारखं होतं का रे? ओळी?"

"इतकं एकसारखं, की मला मशिन वाटलं."

"मशिन?"

"हो."

"त्या सुताराचं मधलं बोट उचलत नाही. शाळेच्या बाईंना डावीकडचं दिसतच नाही, मान धरून वळवावी लागते. कंडक्टर एकेका अक्षराला शिवी घालतो. आणि तुमच्या एवढ्या मोठ्या ऑफिसला मशिन वाटलं?" ती हसायला लागली. तोंड अजून एका बाजूने थोडं ओढलेलं आहे, त्यामुळे हसू वाकडं येतं. "अरे, माझ्या क्लासला असं कधी कोणी म्हटलं नाही. परीक्षकसुद्धा नाही. सगळ्यांना सांगायला हवं हे."

मीही हसलो. मोठीच चूक केली. ती ताबडतोब थांबली.

"पण मला माणूस नाही म्हणालास, ते म्हणालासच."

"हो."

"त्याचं काय ते आपण नंतर बघू," ती म्हणाली. आणि डाव्या हाताने उशी बाजूला करून उजवा हात वर घेतला, मांडीवर ठेवला, आणि पहिल्या बोटाकडे बघत बसली. मीही बघत बसलो. बोट जागचं हललं नाही. "गेलं वाटतं," ती म्हणाली. अगदी साधेपणाने, दूध नासलं म्हणावं तसं.

ती बघतच राहिली. बऱ्याच वेळाने बोट थरथरलं आणि नखाइतकं वर झालं. अंगठ्याने साथ दिली नाही.

"उद्या घेऊन चला मला," ती म्हणाली.

५ एप्रिल

गेली. बायको सांगते, आत शिरताच सुताराने विचारलं, "बाई, तब्येत?" आणि आईने सगळ्यांना बसवून ऑफिसाला मशिन वाटलं ते सांगितलं. कंडक्टरने टाळी द्यायला हात पुढे केला, उजवा, विसरून. वर आला तो छातीपर्यंत. फिजिओने ते लगेच लिहून घेतलं म्हणे.

नाव मात्र बंदच आहे. सगळे टेबलावर बोटं आपटून सराव करतायत.

७ एप्रिल

चाळणी उद्या केंद्रात जाणार. साइटने तपासणीची पद्धत कळवली: प्रत्येक खातेदाराने तिच्यासमोर बसून टाइप करायचं. वाक्य प्रत्येकाचं स्वतःचं हवं. कोणी सांगायचं नाही, फळ्यावर काही लिहायचं नाही. जमलं तर खाती उघडतील, नाव परत मिळेल. नाहीतर माझा पहिला निकाल कायम.

आईला हे मुळीच पसंत पडलं नाही. "आपापलं वाक्य? इतक्या लवकर? माझा अभ्यासक्रम अजून तिथवर आलेला नाही. त्यांची जोडाक्षरं व्हायची आहेत."

"आई, वाक्य सुचायला बोटं लागत नाहीत."

"टाइप करायला लागतात ना! शाळेच्या बाई डावीकडची अर्धी ओळ खातात. मग तुमची ती मुलगी म्हणायची, हे बघा, पुन्हा बॉट."

"तिला माहिती आहे ते. तिनेच पहिल्यांदा पाहिलं होतं."

"मग तिला ठेवायचं होतं त्या जागेवर," आई म्हणाली.

संध्याकाळभर ती जेवणाच्या टेबलाच्या कडेवर बोटं चालवत होती. पहिलं बोट खाली जातं, पण वर यायला विचार करतं. अंगठा आज दोनदा आला. मी चकरा मारत होतो, तर तिने मला बाहेर काढलं. क्लास चालू असताना दारात उभं राहिलेलं तिला कधीच चालत नसे.

८ एप्रिल, सकाळ

तपासणी आज दहा वाजता, हे चाळणीने पुन्हा कळवलंय. निकाल दोन दिवसांत अपेक्षित. माझ्या नोकरीचं त्यानंतर. मला आत बसता येणार नाही, मी नातेवाईक. बाहेरच्या बाकावर बसायला हरकत नाही, असं मॅडमनी लेखी दिलंय.

क्रम आईने ठरवला आहे: ती पहिली बसणार, म्हणजे बाकीच्यांची भीती जाईल. नुसत्या उजव्या हाताने टाइप करणार. डावा हात फिजिओने पाठीमागे धरून ठेवायचा, असा हुकूम आहे. मी म्हटलं, आई, तशी अट कोणी घातलेली नाही, दोन्ही हात वापर, लवकर होईल. तर म्हणाली, डावा तर आधीपासूनच चालतोय, त्याचं काय दाखवायचं?

काय लिहिणार ते विचारलं. सांगितलं नाही. लांब आहे, एवढंच म्हणाली.

बायको खाली गाडी बघायला गेली आहे. आई दारात खुर्चीवर बसली आहे, तयार होऊन, आणि आत्ताच तिने हाक मारून बजावलं: "तुझ्या त्या मुलीला आधीच सांगून ठेव. वेळ लागेल. मधेच उठायचं नाही."